दोन शिळा, दोन हस्तांदोलने

हस्तांदोलन म्हणजे संमतीची खूण, असे आम्हां वकिलांना सहजच वाटते. दोन पक्ष, दोन निःशस्त्र उजवे हात आणि त्यांचा मिलाफ. कराराचे याहून सुटसुटीत चित्र कोणते? परंतु शिल्पकलेची साक्ष काढली म्हणजे हा समज फार काळ टिकत नाही.

बगदादच्या इराक संग्रहालयात अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या सिंहासनाची पाषाणपीठिका आहे. निमरूद येथे सापडलेले हे शिल्प इ. स. पूर्व नवव्या शतकातले. तीवर शल्मनेसर आणि बाबिलोनचा राजा मर्दुक-झाकिर-शुमी यांनी परस्परांचा उजवा हात धरला आहे. दोघांची उंची सारखी, डौलही सारखाच. समतेचे याहून स्पष्ट विधान पाषाणात क्वचितच आढळेल. पण याच पीठिकेच्या इतर बाजूंवर खंडणी आणणाऱ्यांच्या रांगा आहेत, आणि हे सारे एकाच राजाच्या आसनाखाली कोरलेले आहे! बाबिलोनच्या राजाला बंडखोर भावाविरुद्ध साहाय्य केले ते शल्मनेसरने. म्हणजे मसुदाही उपकारकर्त्याच्याच घरचा. पुढे इ. स. पूर्व ८१३ च्या सुमारास याच शल्मनेसरच्या पुत्राने मर्दुक-झाकिर-शुमीच्या पुत्राला कैद करून नेले. शिळेवरचे हात मात्र जुळलेलेच राहिले.

आता अथेन्सकडे वळू. तेथील इ. स. पूर्व पाचव्या आणि चौथ्या शतकांतील अनेक स्मृतिशिळांवर हेच हस्तांदोलन दिसते. एक स्त्री आसनावर बसलेली, समोर पुरुष उभा, आणि उजव्या हातात उजवा हात. दोघांपैकी मृत कोण, हे पुष्कळदा अभ्यासकांनाही निश्चित सांगता येत नाही. हा निरोप की परलोकातील पुनर्भेट, याविषयीही मतभेद आहेत. ही संदिग्धता मला उणीव वाटत नाही. तीच या शिल्पांचा प्राण होय. मृताशी करार होत नाही. त्याच्याकडून काही मिळावयाचे नसते, आणि वचनभंगाची दाद मागावयास न्यायासनही नसते. तरीही शिल्पकाराने हात जुळविले.

राजांच्या शिळेत कौशल्य उणे नाही. उणा आहे तो निरपेक्षपणा. आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. ‘हातमिळवणी’ म्हटले की कान टवकारतात. ‘हात दिला’ म्हटले की मन निवते.