पाककृती व यंत्रमानव 'चॅलेंज' चित्रफिती : बालोपयुक्ततेच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :

आजच्या बालकाच्या भावविश्वात गोष्टीच्या पुस्तकाची जागा मोठ्या प्रमाणावर मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबने चित्रफितीचे अनेक नवे प्रकार रूढ केले. त्यांपैकी पाककृतीचे 'चॅलेंज' आणि यंत्रमानवाचे 'चॅलेंज' हे दोन प्रकार मुलांमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. मराठीत बालसाहित्याची समीक्षा करताना भाषा, मूल्ये आणि कल्पकता यांचा विचार होतो. चित्रफितीबाबत मात्र पालक व शिक्षक प्रायः दोनच प्रश्न विचारतात : त्यात अश्लीलता आहे काय आणि हिंसा आहे काय? या दोन्ही कसोट्यांवर उपरोक्त चित्रफिती सहज उत्तीर्ण होतात. शिवाय स्वयंपाक आणि यंत्रविद्या हे विषय मुळातच शैक्षणिक असल्याने त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. हे कारण आहे, किंबहुना ते विषयात नसून मांडणीत आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'मुलांसाठी निर्मित' या शिक्क्याचा अर्थ :

यूट्यूबवरील अनेक चित्रफितींवर 'मुलांसाठी निर्मित' अशी नोंद असते व ती गुणवत्तेची पावती समजली जाते. हा समज निराधार आहे. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन खाजगीपणाच्या रक्षणासाठी १९९८ चा कायदा आहे. त्याच्या भंगाच्या आरोपावरून गूगल व यूट्यूब यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन व न्यूयॉर्क राज्य यांच्याशी तडजोड केली आणि १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून ही वर्गवारी अनिवार्य झाली. ती मुख्यतः निर्मात्यानेच करावयाची असते. मुलांची माहिती गोळा करून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवू नयेत, हा तिचा उद्देश होय. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी याच स्वरूपाची तरतूद आहे. थोडक्यात, कायदा मुलाच्या माहितीचे रक्षण करू पाहतो. चित्रफितीत दाखविलेली कृती मुलाने केल्यास काय होईल, या प्रश्नाचे उत्तर तो शिक्का देत नाही.

पाककृती : कापलेला काळ

प्रत्यक्ष स्वयंपाकघरात मूल जे शिकते त्यातील बराच भाग थांबण्याचा असतो. कुकरची शिट्टी झाली तरी वाफ जिरेपर्यंत झाकण उघडायचे नाही, तेल तापले की ओला हात जवळ न्यायचा नाही, गरम भांडे सांडशीनेच धरायचे, हे नियम शेजारी उभे असलेले मोठे माणूस सांगत असते. 'चॅलेंज' चित्रफितीचे संकलन नेमका हाच भाग कापते, कारण थांबणे कंटाळवाणे असते. उरतो तो आरंभ, गंमत आणि फलित. कृतीतील धोका काळाशी बांधलेला असल्याने काळ कापला की धोकाही दृष्टीआड होतो.

याचे दारुण उदाहरण चीनमध्ये २०१९ साली घडले. 'मिस येह' या नावाने परिचित असलेली कलावंत २०१७ पासून कार्यालयातील वस्तूंवर पदार्थ शिजविण्याच्या चित्रफितींमुळे प्रसिद्ध झाली होती. शानदोंग प्रांतात दोन मुलींनी पत्र्याच्या डब्यात अल्कोहोल पेटवून मक्याच्या लाह्या करण्याचा प्रयत्न केला. स्फोट होऊन १४ वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली, दुसरी भाजली. मुली तिच्या चित्रफितीचे अनुकरण करीत होत्या, असे सांगितले गेले. आपण स्पिरिटचा दिवा वापरला होता, मुलींची पद्धत वेगळी होती, असे कलावंताचे म्हणणे होते. तथापि तिने दोन्ही कुटुंबांना आर्थिक साहाय्य दिले.

येथे दोष कोणाचा यापेक्षा एक वेगळाच मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. स्पिरिटच्या दिव्यात वात मर्यादित इंधन वर ओढते, म्हणून ज्योत आटोक्यात राहते. उघड्या डब्यात हे नियंत्रण नसते. शिवाय अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून पुन्हा अल्कोहोल ओतल्यास वाफ पेट घेते. दिवा आणि डबा यांतील हा भेद म्हणजेच त्या कृतीचे विज्ञान होय. गंमत म्हणून सादर झालेल्या कृतीत त्याला स्थान नसते. म्हणून बालप्रेक्षक दृश्य उचलतो, कारण उचलू शकत नाही. पद्धत वेगळी होती हे म्हणणे खरे मानले तरी चित्रफितीची उणीव त्यातून अधिकच उघड होते.

यंत्रमानव : स्पर्धा आणि तमाशा

यंत्रमानवाच्या बाबतीत शारीरिक धोका तुलनेने कमी, पण बौद्धिक हानीचा संभव अधिक आहे. २००८ साली पुण्यात झालेल्या 'एबीयू रोबोकॉन' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा विषय दहीहंडीवर आधारित होता. अशा स्पर्धेत नियम आधी जाहीर होतात, विद्यार्थी अनेक महिने रचना करतात आणि यंत्र बिघडले तर ते सर्वांसमक्ष बिघडते. 'चॅलेंज' चित्रफितीत बहुधा तयार यंत्र येते, माणसाशी झुंजते, हरते किंवा जिंकते. ते कसे चालते हे अनुत्तरितच राहते.

सर्वच चित्रफिती अशा नसतात, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. नासाचे माजी अभियंता मार्क रोबर यांच्या २०२१ मधील चित्रफितीत सुमारे एका दिवसात एक लाख डॉमिनो मांडणारे यंत्र दिसते आणि ते घडविण्यामागचे दीर्घ प्रयत्नही दिसतात. मात्र २०२२ पासून त्यांच्या उद्योगामार्फत मुलांसाठी यांत्रिक खेळण्यांचे संच विकले जातात. म्हणजे उत्तम चित्रफितीतही कुतूहलाची वाट खरेदीकडे वळू शकते. याउलट पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या लघुचित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सिद्ध केल्या. तेथे साधन घरातलेच असते, कृती टप्प्याटप्प्याने दिसते. चित्रफीत संपते तेथे मुलाचे काम सुरू होते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून बालोपयुक्ततेचे तीन निकष मांडता येतात.

१. काळ : कृतीला लागणारा वेळ, त्यातील थांबे व फसलेले प्रयत्न चित्रफितीत राखले आहेत काय?

२. कारण : कृती तशीच का करावयाची, अन्यथा काय होईल, हे मुलाला कळते काय?

३. कर्तृत्व : पाहून झाल्यावर मुलाच्या हातात काम येते, की केवळ पुढची चित्रफीत अथवा खरेदीची इच्छा?

१९३७ च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी मानले गेले. हाताने केलेले काम बुद्धीला वळण देते, ही त्यामागील धारणा. पडद्यावरील पाककृती व यंत्रमानव हे याच कामाचे प्रतिबिंब असले, तरी प्रतिबिंबाला चटका बसत नाही, मुलाला बसतो. म्हणून या चित्रफितींवर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. त्या मोठ्यांच्या सहवासात पाहणे, मध्येच थांबवून 'येथे काय कापले आहे?' असे मुलाला विचारणे अधिक फलदायी ठरेल. अध्यापक विद्यालयांतील भावी शिक्षकांना कवितेचे रसग्रहण शिकविले जाते. चित्रफितीचे असे वाचनही त्यांना शिकविणे आता अगत्याचे झाले आहे.