विनोग्रँडचा बॅकलॉग

गॅरी विनोग्रँड मार्च १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याच्या मागे सुमारे २,५०० रोल होते, जे कॅमेऱ्यातून काढले होते पण डेव्हलप केलेच नव्हते. आणखी ६,५०० रोल डेव्हलप झालेले होते, पण त्यांची कॉन्टॅक्ट शीट निघाली नव्हती. आणि कॉन्टॅक्ट शीट निघूनही ज्यांतून नीट निवड झाली नव्हती, असे ३,००० च्या आसपास. एका रोलमध्ये ३६ फ्रेम धरल्या तर एकूण चार लाख बत्तीस हजार फोटो होतात. प्रत्येक फोटोकडे फक्त एक सेकंद बघायचं म्हटलं तरी १२० तास लागतील. म्हणजे न झोपता, न जेवता सलग पाच दिवस.

हे आकडे फिल्मवर फोटो काढणाऱ्या मंडळींना तोंडपाठ असतात. आपल्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात पडलेल्या आठ-दहा रोलांबद्दल वाईट वाटायला लागलं की विनोग्रँडचं नाव घ्यायचं, म्हणजे जरा बरं वाटतं. आज रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून खर्च हजाराच्या पुढे सहज जातो, त्यामुळे लोक रोल साठवतात आणि एकदम कुरिअरने लॅबला पाठवतात. घरी धुणारेसुद्धा साठवतातच, कारण कलर फिल्मचं केमिकल एकदा कालवलं की काही आठवड्यांत त्याचा जोर जातो. दोन रोलांसाठी ते कोण कालवणार? ही साठवण समजण्यासारखी आहे. विनोग्रँडची तशी नव्हती, आणि तिच्यावरून गेली चाळीस वर्षं जो वाद चालू आहे त्यात दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात.

ज्यांनी विनोग्रँडचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९२८ साली जन्म. हातात छोटा लायका, त्यावर बहुतेक वेळा २८ मिमीची वाइड लेन्स, आणि रस्ता. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'न्यू डॉक्युमेंट्स' हे प्रदर्शन झालं, त्यात डायान आर्बस आणि ली फ्रीडलँडर यांच्याबरोबर तो होता. ते प्रदर्शन जॉन शार्कोव्स्कीने लावलं होतं. अमेरिकेत कुठला फोटो म्युझियमच्या भिंतीवर जाणार हे ठरवण्यात त्या काळी या माणसाचा शब्द फार मोठा होता. पुढे विनोग्रँड शिकवायला टेक्ससला गेला आणि १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला. शेवटच्या वर्षांत तो बराच वेळ गाडीत शेजारच्या सीटवर बसून, खिडकीतून फोटो काढत असे.

रोल लगेच न धुण्यामागे सुरुवातीला त्याचा विचार होता. फोटो काढताना आपण खूश असतो, ती खुशी फोटोला चिकटते आणि मग साधा फोटोही भारी वाटतो, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. म्हणून वर्षभर थांबायचं, काढलेलं विसरायचं, मग परक्या माणसासारखं पाहायचं. मला हे शंभर टक्के पटतं. स्वतःचा कोड सहा महिन्यांनी उघडला की त्यातली हुशारी आणि मूर्खपणा दोन्ही दिसतात, त्याच संध्याकाळी फक्त हुशारी दिसते.

पण साधा हिशेब आहे. येणारे रोल धुतल्या जाणाऱ्या रोलांपेक्षा रोजच जास्त असतील, तर रांगेतला वेळ वर्षभराचा राहत नाही. तो वाढतच जातो. लॉस एंजेलिसमध्ये नेमकं तेच झालं. थांबण्याची पद्धत होती ती कधीतरी नुसती न पाहण्याची झाली.

त्याच्या मृत्यूनंतर ते अडीच हजार रोल धुवून घेण्यात आले. शार्कोव्स्कीने कॉन्टॅक्ट शीटचे गठ्ठे पाहिले आणि १९८८ मध्ये 'फिगमेंट्स फ्रॉम द रिअल वर्ल्ड' हे मोठं प्रदर्शन आणि त्याच नावाचं पुस्तक केलं. पुस्तकातला त्याचा लेख प्रेमाने लिहिलेला आहे आणि म्हणूनच जास्त लागतो. त्याचा निष्कर्ष असा की शेवटच्या वर्षांत या माणसाची पकड सुटली होती. कॅमेरा धड स्थिर धरलेला नाही, विषय फ्रेममध्ये कुठे आहे याची पर्वा नाही, सवयीने बटण दाबलं जातंय.

आमच्या इंजिनिअरिंगमध्ये 'बॅकलॉग' म्हणजे राहिलेला विषय. कोणी केटी म्हणतं, कोणी नुसतं 'बॅक'. विषय का राहिला, हे मार्कशीट विचारत नाही. शार्कोव्स्कीने विनोग्रँडचा बॅकलॉग मला वाटतं असाच वाचला: राहिलाय, म्हणजे नापास. न धुतलेले रोल हे त्याला आधी लक्षण वाटले आणि मग त्या रोलांतले फोटो त्याला त्या लक्षणाचे पुरावे वाटले.

२०१३ मध्ये याला उत्तर आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नवं मोठं प्रदर्शन झालं, ते पुढे वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, पॅरिस असं फिरलं. विनोग्रँडला जवळून ओळखणाऱ्या लिओ रुबिनफिन या फोटोग्राफरने ते उभं केलं. टेक्सस आणि लॉस एंजेलिसच्या वर्षांना त्याने स्वतंत्र भाग दिला, 'बूम अँड बस्ट'. आधी कधीच प्रिंट न झालेले कितीतरी फोटो भिंतीवर आले. काही फ्रेमवर विनोग्रँडने कॉन्टॅक्ट शीटवर खूण केली होती, काहींवर काहीच नाही. मी ही दोन्ही प्रदर्शनं पाहिलेली नाहीत, पुस्तकांवरून बोलतोय. पण रुबिनफिनचा युक्तिवाद पुस्तकातूनही पोचतो. शेवटचे फोटो ढिले नाहीत, त्यांत उदासी आहे, अमेरिकेबद्दलची आशा आटलेल्या माणसाचे ते फोटो आहेत.

फोटो पाहिले की वाटतं, खरंय. १९६९ मधला त्याचा लॉस एंजेलिसचा गाजलेला फोटो घ्या. तीन तरुणी उन्हातून येतायत, प्रकाश त्यांच्या पायांपाशी भूमितीसारखा पडलाय, डावीकडे सावलीत व्हीलचेअरमध्ये मान टाकलेला माणूस, उजवीकडे बाकावरून त्याच्याकडे बघणारा मुलगा. सगळं एका क्षणात जुळून आलंय, आणि फोटो तुम्हाला ते जुळलेलं दाखवतोसुद्धा. आता ऐंशीनंतरचा त्याच शहरातला एक फोटो: रस्त्याच्या कडेला एक बाई आडवी पडलीये, बाजूने एक पोर्शे जातेय. जुळणं वगैरे काही नाही. फोटो काढणाराही बहुधा तसाच पुढे गेला असावा, ही शंका फोटोतच आहे. पहिला फोटो मला आवडतो. दुसरा मला त्रास देतो, आणि तो त्रास ढिल्या हाताचा नाही.

मग रुबिनफिन बरोबर? इथे माझ्यातला इंजिनिअर अडतो. नुसत्या न धुतलेल्या रोलांतच नव्वद हजार फ्रेम आहेत. त्यांतून तीस निवडा. तीन हजारांत एक. या प्रमाणात मी तुम्हाला उदास विनोग्रँड काढून देईन, विनोदी विनोग्रँड काढून देईन, हवा असेल तर कुत्र्यांवर प्रेम करणारा विनोग्रँडही काढून देईन. निवडलेल्या तीस फोटोंवरून 'त्या वर्षांत त्याच्या मनात काय होतं' हे सांगणं म्हणजे निवडणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगणं. शार्कोव्स्कीने निदान ढीग पाहून ढिगाबद्दल मत दिलं होतं. रुबिनफिनने ढिगातले मोती पाहून मत दिलं. दोघं एकाच प्रश्नावर भांडतायत असं वाटतं, पण एकाने सरासरी सांगितली आणि दुसऱ्याने टॉपर.

यावर एक नेहमीचं उत्तर असतं: विनोग्रँड जिवंत असतानाही निवड दुसरेच करत होते. हे खरं आहे. 'विमेन आर ब्यूटिफुल'च्या निवडीत शार्कोव्स्कीचा हात होता, १९७७ चं 'पब्लिक रिलेशन्स' टॉड पापाजॉर्जने निवडलं. विनोग्रँडला निवडीचा कंटाळाच होता. मग मेल्यानंतर कोणी निवडलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते नकारात. पापाजॉर्जने एखादी फ्रेम उचलली तर विनोग्रँड समोर बसून 'ही नको' म्हणू शकत होता. त्याने किती वेळा म्हटलं हा मुद्दा नाही, म्हणू शकत होता. ऑफिसात जुन्या बॅकलॉगमधलं तिकीट बंद करायचं असेल तर ते उघडणाऱ्याला निदान एकदा विचारतात. फोटोग्राफरचं निम्मं काम टाकून देण्याचं असतं आणि न धुतलेला रोल म्हणजे ते काम पुढे ढकलणं. ज्या फ्रेमवर त्याची खूण आहे तिच्याबद्दल निदान एक पुसटसा होकार हातात आहे. खूण नसलेल्या फ्रेमचं तसं नाही. २०१३ च्या पुस्तकात एरिन ओ'टूल यांचा मृत्यूनंतरच्या निवडीच्या याच पेचावर लेख आहे. पेच त्यांना दिसत होता, तरी भिंतीवर सगळे प्रिंट एकाच थाटात, फ्रेम करून लागले.

व्हिव्हियन मायरच्या बाबतीत हा पेच जास्त बोचतो. 'फाइंडिंग व्हिव्हियन मायर' ही २०१३ ची डॉक्युमेंटरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शिकागोत मुलं सांभाळणारी बाई, मरेपर्यंत कोणाला पत्ता नाही, आणि लाखभर निगेटिव्ह. तिच्या गोदामाचं भाडं थकलं, २००७ मध्ये सामान लिलावात गेलं, जॉन मालूफला एक पेटी मिळाली. सामानात शेकडो न धुतलेले रोल होते. फिल्म हे सगळं खजिन्याच्या गोष्टीसारखं सांगते, आणि मालूफ स्वतःच दिग्दर्शकांपैकी एक असल्यामुळे खजिना शोधणाराच गोष्ट सांगतो. तिला हे आवडलं असतं का, हा प्रश्न फिल्म विचारते, आणि उत्तर म्हणून तिचं एक पत्र दाखवते. फ्रान्समधल्या एका गावातल्या फोटोवाल्याकडून प्रिंट करून घेण्याविषयीचं. बघा, तिला प्रिंट हवे होते!

पण ते पत्र तिने धुतलेल्या, स्वतः पाहिलेल्या निगेटिव्हबद्दल आहे. न पाहिलेल्या रोलांना त्याची परवानगी कशी लागू होते? शिवाय तिचा बॅकलॉग का झाला, याचं उत्तर बरंचसं घराच्या नकाशात आहे. १९५६ पासून बरीच वर्षं ती एकाच कुटुंबाकडे होती, तिथे तिला स्वतःचं बाथरूम होतं आणि तेच तिची डार्करूम होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती नोकरी संपली, पुढे घरं बदलत राहिली आणि रोल साठत गेले. विनोग्रँडकडे निवडायचा कंटाळा होता, मायरकडे पाण्याचा नळ आणि बंद करता येणारं दार नव्हतं. फिल्म मात्र तिच्या साठवण्याला विक्षिप्तपणाच्या यादीत टाकते, वर्तमानपत्रांच्या ढिगांशेजारी. कामवाल्या बाईच्या खोलीचं क्षेत्रफळ हा समीक्षेचा मुद्दा आहे, हे या फिल्मला सुचत नाही.

'मग धुवायचेच नाहीत का?' धुवायचे. चांदीच्या कणांवर प्रकाशाने केलेली ती अदृश्य खूण चिवट असते; १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आंद्रेच्या तुकडीची फिल्म १९३० मध्ये बर्फात सापडली आणि स्टॉकहोममध्ये तिच्यातून ९३ फोटो वाचवता आले. पण सगळ्याच फिल्मला आर्क्टिकचं हवामान मिळत नाही. उष्णता आणि दमट हवा ती खूण हळूहळू पुसतात. धुतलं नाही तर उरणारच नाही.

माझी हरकत भिंतीला आहे. खूण नसलेल्या फ्रेमचा मोठा, सुंदर प्रिंट मला नको. मला अख्खा रोल दाखवा. कॉन्टॅक्ट शीट, छत्तीसच्या छत्तीस, हललेल्या, काळ्या पडलेल्या फ्रेमसकट. मग शार्कोव्स्कीला दिसलेली ढिलाई आणि रुबिनफिनला दिसलेली उदासी एकाच कागदावर दिसेल आणि कुठली किती, ते मी मोजेन. ऑनलाइन तर जागेचाही प्रश्न नाही. फोनवर अंगठ्याने सरकवत छत्तीस फ्रेम पाहणं आपल्याला चांगलं जमतं.

विनोग्रँडचं अर्काइव्ह ॲरिझोनात टक्सनला, सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीत आहे. कधी तिकडे जाणं झालंच तर मी लॉस एंजेलिसच्या वर्षांतलं एक कॉन्टॅक्ट शीट मागणार आहे. कुठलं, असं विचारलं तर सांगेन, वरचं जे हाताला लागेल ते.