सडपातळ चौकट आणि पासंगाचा प्रश्न

पारिभाषिक संज्ञांच्या वर्गात गेल्या सत्रात एक उतारा भाषांतरासाठी दिला होता. विषय होता अमेरिकेतील ॲल्युमिनियमच्या ‘डबल हंग’ खिडक्यांचा. बहुतेक विद्यार्थ्यांनी ‘दुहेरी टांगती खिडकी’ असा प्रतिशब्द योजला. शब्दशः पाहता त्यात चूक काढता येणार नाही. तथापि ही संज्ञा वाचून मराठी वाचकाच्या मनात जी खिडकी उभी राहील ती झुलणारी असेल. मूळ वस्तू झुलत नाही. आणि आज ती ज्या घडणीत मिळते तीत पुष्कळदा टांगलेलीही नसते. संज्ञेचा उलगडा व्हावा म्हणून वस्तूकडे वळावे लागले, आणि वस्तू समजून घेताना तिच्या रचनेविषयी जे मत बनले ते येथे मांडीत आहे. स्थापत्य हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

उभट चौकटीत काचेची दोन तावदाने, एक वर व एक खाली, पुढेमागे असलेल्या दोन खाचांत बसविलेली असतात. खालचे वर ढकलले की खालून वारा येतो. वरचे खाली ओढले की कोंदट हवा वरून निघून जाते. ‘वर करणे’ ह्या एकाच क्रियापदाने एका तावदानाचे उघडणे आणि दुसऱ्याचे लावणे होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला गमतीची वाटावी. आपल्याकडे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी घरोघर आली, पण ती आडवी सरकणारी. तिचा भार खालच्या रुळावर पडतो, हातावर नव्हे. उभे सरकणारे तावदान आपल्या ओळखीचे आहे ते रेल्वेच्या जुन्या डब्यांतले. ते उचलून बाजूच्या खटक्यांत अडकवावे लागे, आणि खटका नीट बसला नाही तर खाली ठेवलेल्या बोटांची खैर नसे. डब्यातल्या तावदानाला जे नाही आणि ‘डबल हंग’ खिडकीला जे असते, ते म्हणजे पासंग. तराजूची पारडी सम करण्यासाठी हलक्या पारड्यात टाकावयाचे वजन, हा ह्या शब्दाचा आपला अर्थ. इथे एका पारड्यात तावदान आहे एवढेच.

इंग्लंडात १६७० च्या सुमारास ही युक्ती स्थिर झाली. तावदानाच्या दोन्ही कडांना दोऱ्या, दोऱ्या कप्प्यांवरून चौकटीच्या पोकळ उभ्या अंगांत उतरविलेल्या, आणि त्यांच्या टोकांना प्रत्येकी तावदानाच्या निम्म्या वजनाचे लोखंडी गज. जुने सुतार ह्यात एक बारकावा पाळीत. वरच्या तावदानाचे गज किंचित जड ठेवावयाचे, म्हणजे ते वर घट्ट टेकून राहते. खालच्याचे किंचित हलके, म्हणजे ते उंबऱ्याशी बसते. संपूर्ण समतोल हे येथे साध्य नाहीच. नेमका किती असमतोल ठेवावा, हे कौशल्य आहे.

वजनांसाठी पोकळ पेटी हवी, आणि पेटी रुंद असते. तेव्हा खिडकीचा दर्शनी भाग सडपातळ झाला कसा? उत्तर लंडनच्या बांधकाम-कायद्यांत आहे. १७०९ च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत गेली. १७७४ च्या कायद्याने पेटी विटांच्या आड गेली. हेतू सौंदर्याचा नव्हता, आग पसरू नये असा होता. परंतु रस्त्यावरून पाहणाऱ्याला आता केवळ बारीक पट्ट्या आणि काच दिसू लागली, आणि जॉर्जियन खिडकीच्या नाजूकपणाची जी ख्याती आहे तीत ह्या लपवणुकीचा वाटा मोठा आहे. लाकूड कमी झाले नव्हते. ते नजरेआड झाले होते. त्यातच काचेवर वजनाच्या हिशेबाने कर होता, त्यामुळे काच पातळ राही. १८४५ मध्ये तो कर उठला, काचा मोठ्या व जड झाल्या, मधल्या बारीक पट्ट्या गळाल्या, आणि तावदानाच्या सांध्यांना बळ देण्यासाठी कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके ठेवण्याची रीत आली. काचेचे वजन बदलले की लाकडाचा आकार बदलतो, असा हा संबंध आहे.

ॲल्युमिनियमच्या खिडकीची परीक्षा ह्याच संबंधाच्या आधारे व्हावी. तिच्या प्रशंसेत ‘हलका धातू, म्हणून सडपातळ चौकट’ असे सर्रास म्हटले जाते. हे अनुमान सदोष आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे हे खरे. पण त्याची ताठरताही सुमारे एक-तृतीयांशच आहे. दोन तावदाने जेथे मिळतात ती मधली आडवी पट्टी वाऱ्याच्या दाबाने वाकू नये म्हणून तिला जाडी हवीच. मात्र ताठरता खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जाडी भिंतीच्या दिशेने, खोलीत, घेता येते. शिवाय ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक. लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता ते वाहून नेते. थंड प्रदेशात चौकटीच्या आतल्या अंगावर पाणी साचू नये म्हणून बाहेरचा व आतला धातू वेगळा करून मध्ये पॉलिअमाइडची पट्टी घालावी लागते, आणि तीही खोलीतच जागा घेते. समोरून अरुंद, बाजूने पाहता चांगलीच खोल, अशी ही चौकट होते. १७७४ मध्ये विटांनी जे केले ते आता चौकटीची खोली करते.

राहिला पासंग. लोखंडी गजांना पेटी लागते आणि सडपातळ चौकटीत पेटीला जागा नाही; म्हणून वजनाऐवजी स्प्रिंग आली. येथे एक खरी अडचण आहे, आणि माझ्या मते ह्या खिडकीच्या इतिहासातला सर्वांत बुद्धिमान भाग हाच आहे. तावदानाचे वजन खाली काय, वर काय, तेवढेच राहते. स्प्रिंगचे बळ मात्र ती जितकी ताणावी तितके वाढते. रॉबर्ट हूकने हा नियम १६७८ मध्ये सविस्तर मांडला. लंडनमध्ये पासंगाच्या खिडक्या नव्या होत्या तेव्हाचीच ही गोष्ट. वाढत जाणाऱ्या बळाने न बदलणारे वजन तोलावयाचे कसे? एका रचनेत नळीतल्या स्प्रिंगला पिळाची सळई जोडतात आणि पिळाचा चढ सळईच्या लांबीवर असा बदलत नेतात की वाढते बळ त्यात जिरावे. दुसरीत ताणाची स्प्रिंग आणि कप्प्यांची मालिका असते. तावदान पुष्कळ सरकते, स्प्रिंग थोडीच ताणली जाते, म्हणून फरकही थोडाच पडतो. तिसरीत मोजपट्टीप्रमाणे गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. कितीही उलगडली तरी उलगडण्याच्या जागी सरळ होणारा तुकडा तेवढाच असल्याने तिचे बळ जवळजवळ स्थिर राहते. ही तिसरी युक्ती मला विशेष देखणी वाटते.

पण देखणी युक्ती म्हणजे चांगली खिडकी नव्हे. एक मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच तावदान घ्या. चार मिलिमीटरची एकेरी काच साडेसात किलोची होते, दुहेरी पंधराची. भोवतालच्या पट्ट्या धरून अठरा किलो मानू. अमेरिकेत अपंगांच्या सुगम्यतेसाठी २०१० मध्ये जी मानके आली त्यांनुसार, सुगम्य खोलीत राहणाऱ्याने उघडावयाच्या खिडक्या असतील तर त्यांतील निदान एक खिडकी चालविण्यास ५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोपेक्षा, अधिक जोर लागता कामा नये. तोलात एक-दशांश चूक झाली तरी १.८ किलो हातावर येते, आणि वारा अडविणाऱ्या पट्ट्यांचे घर्षण त्यावर वेगळे. हेच घर्षण तावदानाला हव्या त्या उंचीवर धरूनही ठेवते, म्हणून ते नाहीसेही करता येत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीला आपली खिडकी उघडता येईल की नाही, हा प्रश्न ह्या अर्ध्या किलोच्या फरकात आहे. खिडक्यांच्या वर्णनपत्रांत पट्टीची रुंदी मिलिमीटरपर्यंत दिलेली मी पाहिली. हाताला लागणारा जोर क्वचितच आढळला.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. २०१० मध्ये तेथील ६,५१४ खिडक्यांचे नूतनीकरण झाले तेव्हा जुन्या दुहेरी काचा काढून, इमारतीतच दुरुस्त करून, दोन काचांमध्ये एक पातळ पटल ताणून पुन्हा बसविण्यात आल्या. तिसरी काच घातली असती तर काचेचे वजन दीडपट झाले असते, आणि पासंगाचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

माझा मुख्य आक्षेप दुरुस्तीविषयी आहे. दोरी तुटली तर ती दिसते, आणि कोणीही सुतार ती बदलतो. लोखंडी गजाला तर शतकभर काही होत नाही. स्प्रिंगचा तोल थकतो तो चौकटीच्या आत, हळूहळू, आणि तिची लांबी, बळ व टोकांची घडण त्या त्या निर्मात्याच्या मापाची असते. ते माप बाजारातून गेले की चांगल्या काचेचे, चांगल्या धातूचे तावदान एका पट्टीसाठी निरुपयोगी होते. सडपातळपणाची किंमत आधी भिंतीने दिली, मग चौकटीच्या खोलीने. आता ती वीस वर्षांनंतरच्या घरमालकावर ढकलली गेली आहे. ज्या रचनेत तोलक बाहेर काढता येतो, त्यावर मापाचा क्रमांक असतो आणि ताण साध्या हत्याराने कमीजास्त करता येतो, ती चौकट दोन बोटे रुंद असली तरी मी तिला श्रेष्ठ मानीन.

आता शब्दाकडे. इंग्रजी ‘सॅश’ हा फ्रेंच ‘शासी’पासून आला. फ्रेंच शब्दाच्या अंती जो स-कार लिहिला जातो तो इंग्रजांनी बहुवचनाचा प्रत्यय मानला आणि तो तोडून एकवचन बनविले. तोच फ्रेंच शब्द पुढे मोटारीबरोबर आपल्याकडे ‘चासी’ होऊन आला; ट्रकचालकाला तो पाठ असतो, त्याचे खिडकीशी असलेले नाते कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील पेटीवाचक शब्दात आहे. वजनांची पेटी गेली, पण तावदानाच्या नावात ती आहे. आणि ‘हंग’? स्वच्छतेसाठी आत कलणाऱ्या आजच्या तावदानांत खालच्या दोन कोपऱ्यांतून निघालेल्या खुंट्या तोलकाच्या सरकत्या गुटक्यांवर टेकलेल्या असतात. म्हणजे तावदान टांगलेले नसून उभे आहे.

यास्तव वर्गात मी ‘पासंगी खिडकी’ ही संज्ञा सुचविली. एका विद्यार्थिनीने लगेच हरकत घेतली : स्प्रिंगमध्ये वजन कोठे आहे, मग तिला पासंग का म्हणावे? वजन नसले तरी वजनाचे काम आहे, असे मी उत्तर दिले. तिचे पूर्ण समाधान झालेले दिसले नाही. तिने सुचविलेला ‘तोलाची खिडकी’ हा पर्याय मी टिपून ठेवला आहे.