सांगलीचे अंदाजपत्रक : एक परीक्षण

सांगली, मिरज व कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ साली अस्तित्वात आली. १९४९ च्या अधिनियमानुसार तिची कामे आवश्यक व ऐच्छिक अशी विभागली आहेत. गटारे पहिल्या वर्गात, ग्रंथालये दुसऱ्यात. कोणते काम टाळता येईल, एवढेच ही विभागणी सांगते. टाळण्याची किंमत सांगत नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णा वस्त्यांत शिरली. पूर्वतयारीत जे उणे राहते त्याचे मोल नागरिकांनाच भरावे लागते. अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही. शिवाय जकात व पाठोपाठ स्थानिक संस्था कर गेल्यावर, २०१७ पासून उत्पन्नासाठी राज्याच्या भरपाईकडे पाहावे लागते. एक पारडे परहाती असता नगरसेवकांनी निदान दुसरे तरी प्रामाणिकपणे तोलावयास हवे : खर्च टाळल्यास भुर्दंड कोणावर?