न लिहिलेल्या चरित्राचा सन्मान

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची परंपरा वैचारिक ग्रंथापासून सुरू झाली. १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला तो मान मिळाला. ती एक पूर्ण आणि बांधेसूद रचना होती. १९६६ साली त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या 'श्रीशिवछत्रपती'ला मिळालेला पुरस्कार मात्र निराळ्या कारणाने विचार करावयास लावतो. शेजवलकर १९६३ मध्येच निवर्तले होते. मराठा मंदिराने हा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध केला. आणि तो रूढ अर्थाने शिवचरित्र नव्हेच. संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने, असे त्याचे स्वरूप आहे. साहित्याचा विद्यार्थी त्याला इतिहासाच्या कपाटात ठेवतो, इतिहासाचा विद्यार्थी अपूर्ण म्हणून बाजूस सारतो.

ही दिवंगताविषयीची केवळ आदरबुद्धी होती, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. शिवचरित्राची साधने एकजिनसी नाहीत. राजारामाच्या काळात जिंजीस लिहिली गेलेली सभासदाची बखर निष्ठावंत सेवकाच्या नजरेने पाहते. जेधे शकावली तिथी आणि घटना नोंदवून गप्प बसते. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत लेखकाचे लक्ष प्रथम आपल्या मालाकडे असते. या तिघांना एका ओघवत्या कथनात बसवायचे, तर सांधे झाकावे लागतात. बहुतेक चरित्रकार ते झाकतातच. शेजवलकरांच्या ग्रंथात सांधे उघडे राहिले. काही अंशी हा नियतीचा भाग असेल. तरी पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होते, हे पाहण्याची अशी संधी मराठीत फार थोड्या ग्रंथांनी दिली आहे.

अर्थात् शेजवलकर निःपक्ष तटस्थतेचे लेखक नव्हते. त्यांचे पानिपतावरील पुस्तक १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत आले. रणभूमी स्वतः पाहून केलेले ते संशोधन आजही वाचनीय आहे. परंतु मराठे तेथे एका अखिल हिंदुस्थानी तत्त्वासाठी लढले, हा त्यांचा आग्रह पुराव्याच्या पुढे धावतो. 'श्रीशिवछत्रपती'च्या प्रस्तावनेतही मूल्यमापन आधी येते आणि ज्या कथनात ते कसास लागले असते, ते कथनच नाही. चरित्र पुरे झाले असते तर त्यांतील काही मते त्यांनी स्वतःच सोडली असती, असे मानावयास जागा आहे. ग्रंथाची खरी उणीव ही आहे. तुटकपणा ही नव्हे.

मराठी वाचकाने इतिहास घेतला तो मुख्यतः कादंबरीतून. १९६४ चा पुरस्कार रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ला होता, आणि १९६८ साली त्यांची 'श्रीमान योगी' आली. तिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र आहे. साधनांची छाननी, चरित्रनायकाविषयीचे प्रश्न, शंका, हे सारे तेथे आहे. कादंबरी वाचणाऱ्यांपैकी कितीजण त्या पत्रावर थांबतात, कोण जाणे. शेजवलकरांचा ग्रंथ उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याने ते पत्र जरूर वाचावे, आणि मग थेट 'साधने' या भागाकडे वळावे. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालेल.