मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे सराव-नमुने : एक चिकित्सा

पाठीतल्या लहान छिद्रातून मूतखडा काढण्याची पद्धत फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी 1976 मध्ये मांडली. तिचा कस पहिल्या सुईतच लागतो. सुई मूत्रपिंडाच्या पेल्यासारख्या कप्प्यात टोकाकडूनच शिरावी लागते. बाजूने शिरली तर मोठी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका. हा हात नमुन्यावर बसावा, रुग्णावर नव्हे, याबद्दल दुमत नाही.

हॅमंड व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये कोंबडीच्या धडात डुकराचे मूत्रपिंड बसवले. युक्ती स्वस्त आणि कल्पक. नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातील 2010 च्या अभ्यासात जिवंत डुक्कर व संगणकीय नमुना यांची तुलना झाली. परंतु तेथे कसोटी होती तज्ज्ञांच्या अभिप्रायांची. शिकाऱ्याच्या हातून पुढे रुग्णाचा रक्तस्राव कमी झाला का, हे त्यावरून ठरत नाही.

कलबुर्गीत वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. तेथे किंवा बीदरला कोणी सहज सुचवील : बकऱ्याचा गुर्दा खाटकाकडे मिळतो, तोच वापरावा. गफलत येथेच आहे. बकऱ्याच्या गुर्द्यात माणसासारखे सुटे कप्पे नसतात, आत एकच सलग कड असते. डुकराची रचना माणसाच्या अधिक जवळची. बकऱ्यावर सुई धरणे, क्ष-किरणांखाली दिशा साधणे जमेल; कप्पा निवडणे जमणार नाही.

डुकराला हात लावण्यास ज्या विद्यार्थ्याचे मन घेत नाही, त्याला बकऱ्यावर समाधान मानायला लावणे हा अन्यायच. त्याच्यासाठी रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून घडवलेला सिलिकॉनचा नमुना बरा. त्यातून रक्त येत नाही, म्हणून सुई किती वेळा टोचली, क्ष-किरण किती सेकंद चालले, याची नोंद शिक्षकानेच ठेवावी लागेल.