जीर्णोद्धार की वेषांतर? – जुनी उपकरणे आणि ‘रास्पबेरी पाय’

जुन्या रेडिओत, टेलिफोनात किंवा दूरचित्रवाणी-संचात लहानसा संगणक बसवून त्यातून नवे साधन सिद्ध करणे, ही २०१२ नंतर विशेष रूढ झालेली कारागिरी होय. केंब्रिज येथे तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच पट्टिकेवर सामावलेला संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीस विक्रीला आला. २०१५ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘झीरो’ या प्रकाराची किंमत तर ५ डॉलरच होती. साधन इतके स्वस्त झाल्यावर कृतींची संख्या वाढावी, हे स्वाभाविक आहे. परंतु अशा कृतींचे मूल्य बाह्य रूपाच्या मोहकतेवर ठरविता येत नाही. जुन्या वस्तूतील नेमके काय जिवंत राहिले, हाच येथे मुख्य प्रश्न होय.

प्रथम तबकडीच्या टेलिफोनाचा विचार करावा. तबकडी फिरवून सोडली असता ती परतताना विद्युत्-मंडल ठराविक वेळा तोडते: तीन या अंकासाठी तीन वेळा, शून्यासाठी दहा वेळा, आणि तेही सेकंदाला सुमारे दहा या गतीने. संगणकास मुळात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते, व तबकडीची भाषाही तीच आहे. म्हणून तिच्या तारा पट्टिकेच्या टाचण्यांना जोडून हे स्पंद मोजता येतात, आणि विशिष्ट क्रमांक फिरविताच कानाच्या भोंग्यात एखादे ध्वनिमुद्रण ऐकविता येते. येथे बोटाच्या जुन्या हालचालीचा अर्थ कायम राहतो.

दूरचित्रवाणी-संचाचेही तसेच आहे. ब्रिटनमधील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्णपणे थांबले. त्याच वर्षीच्या या संगणकास मात्र जुन्या पद्धतीचा चित्रसंकेत बाहेर देणारे छिद्र होते. तो संकेत स्वीकारणाऱ्या संचास तो सरळ जोडता येई. केवळ अँटेनाची सोय असलेल्या संचास मध्ये एक परिवर्तक लागे. दोन्ही प्रसंगी चित्रनलिका आपले मूळ कार्यच करीत राहते.

व्हॉल्व्हच्या रेडिओची गत बहुधा निराळी होते. व्हॉल्व्ह, वेटोळी, ट्रान्सफॉर्मर सारे काढून टाकून रिकाम्या पेटीत संगणक व नवा ध्वनिक्षेपक बसविला जातो. क्रमाक्रमाने बदलणारा विद्युद्दाब मोजण्याची सोय या पट्टिकेत नाही. त्यामुळे जुन्या बटणाची हालचाल जाणण्यास वेगळी चीप जोडावी लागते. ती टाळली, तर ते बटण शोभेपुरतेच उरते. वस्तुतः अशा अनेक रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी छिद्रे असतात. बाहेरचा ध्वनी आत घेण्याचे द्वार निर्मात्यानेच ठेवलेले असता आतील यंत्र उपटण्याचे प्रयोजन राहत नाही. ज्या संचांचा धातूचा सांगाडा घरगुती विजेशी सरळ जोडलेला असतो, त्यांना मात्र अशी जोडणी जीवघेणी ठरू शकते. तेथे संगणक व संच यांना विजेच्या दृष्टीने विलग करणे आवश्यक असून, ते जाणकाराचेच काम आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, जळालेला किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेला संच कचऱ्यात जाण्यापेक्षा त्याची पेटी तरी वाचलेली बरी. हा आक्षेप ग्राह्यच आहे. तथापि दुरुस्त होण्याजोगा संच पोखरणे ही गोष्ट वेगळी. तिला जीर्णोद्धार म्हणता येत नाही. ते वेषांतर होय. देवळाची भिंत राखून गाभारा पाडावा, त्यातलाच हा प्रकार.

हा भेद केवळ अभिरुचीचा नव्हे. संगणकशास्त्रासाठी केंब्रिजला येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व पूर्वतयारी घटत आहे, ही एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांची चिंता या संगणकाच्या मुळाशी होती. मुलांनी यंत्र हाताळावे, जोडावे व त्यातून शिकावे, हा त्यांचा हेतू. जो जुन्या टेलिफोनाचे स्पंद मोजतो त्याला दोन पिढ्यांची यंत्रविद्या कळते. जो रेडिओची पेटी रिकामी करतो तो नव्या पिढीचीच विद्या वापरतो आणि जुनीची साधने मोडीत घालतो. म्हणून अशा कृतीचे परीक्षण करताना जुन्या यंत्राचा कोणता भाग अद्याप काम करतो, आणि संगणक काढून घेतल्यास ते यंत्र पूर्वस्थितीस येऊ शकते काय, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. बाह्य सौंदर्याचा विचार त्यानंतरचा.